चौकशी आणि विचारपूस

पत्र :

ताई, नमस्कार.

माझं वय ५५. माझे यजमान १२ वर्षांपूर्वी गेले, तेव्हा मुलगा चौदा वर्षांचा होता. आता तो सव्वीसचा आहे. मोठी मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात असते. मुलगा हुशार होता, पण शेवटच्या वर्षाला त्याने कॉलेज सोडलं. मग तीन नोकऱ्या लागल्या नि सुटल्या. शेवटची सुटून १४ महिने झाले. दिवसभर खोलीचं दार लावून झोपतो, रात्रभर जागा असतो. अडीच वर्षांपासून दारू पितो. आधी मित्रांबरोबर प्यायचा, आता एकटाच, आणि रोज. त्याची उधारी मी दोनदा फेडली, दुसऱ्यांदा मुदत ठेव मोडून. तिसऱ्यांदा नाही म्हटलं, तर त्याने फोन भिंतीवर आपटला. नवा फोन मीच घेऊन दिला, कारण फोन नसेल तर नोकरी कशी शोधणार?

तो झोपला की मी त्याचा फोन बघते, खोलीत बाटल्या शोधते. एकदा त्याने मला पकडलं. तेव्हापासून बोलणं बंद आहे. बोललाच तर ओरडतो. गेल्या महिन्यात म्हणाला, "मला जन्मच कशाला दिलास? मी नसतो तर सगळे सुटले असते." मुलगी म्हणते, त्याला घराबाहेर काढ. भाऊ म्हणतो, तूच लाडावून ठेवलास. मी काय करू? त्याला बाहेर काढू की पाठीशी घालू? आणि माझं नेमकं कुठे चुकलं, ते मला कुणीतरी सांगा.

ता. क. मी पूर्वी रोज सकाळी पोहायला जायचे. दोन वर्षांपूर्वी सोडलं. मी घरात नसताना काही झालं तर, अशी भीती वाटते.

– एक आई

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्याला थोडा वेळ आहे. एका वाक्याला नाही. "मी नसतो तर सगळे सुटले असते," असं तो म्हणाला. त्यावर तुम्ही काय म्हणालात, हे पत्रात कुठेच नाही. बहुधा काहीच म्हणाला नसाल. रागात बोलला, जाऊ दे, अशी स्वतःची समजूत घातली असेल आणि रात्रभर त्याच्या दाराकडे कान लावून पडून राहिला असाल.

हे त्याला सरळ विचारायचं. आज किंवा उद्या, तो प्यायलेला नसेल अशी पहिली वेळ साधून. "त्या दिवशी तू जे म्हणालास ते माझ्या मनातून जात नाही. तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" याच शब्दांत, आडवळणाने नाही. असं विचारलं तर नको तो विचार त्याच्या डोक्यात जाईल, ही भीती जवळजवळ प्रत्येक आईला असते. यावर भरपूर संशोधन झालं आहे आणि तसं होत नाही. उलट, ज्याच्या मनात तो विचार आधीच घोळतो आहे त्याला कुणीतरी तो शब्द न घाबरता उच्चारला याचा आधार वाटतो. तो "हो" म्हणाला, किंवा गप्प राहून मान फिरवली, तर त्या दिवशी त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. यायला तयार नसेल तर तुम्ही स्वतः फोन करून तातडीची मदत घ्या, रात्र असली तरी. घरात साठवलेली औषधं आणि जिवाला अपाय होईल असं जे काही असेल, ते आजच त्याच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. तो "नाही" म्हणाला तर ऐकून घ्या, त्याच्याशी वाद घालू नका, पण औषधं तरीही हलवा.

आणखी एक गोष्ट तितकीच तातडीची आहे, म्हणून आधीच सांगते. रागाच्या भरात त्याच्या बाटल्या मोरीत ओतू नका आणि "आजपासून एक थेंबही नाही" अशी शपथ त्याला घालू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात. दोन ते चार दिवसांच्या आसपास भ्रम होऊन माणूस भलतंच बोलू लागतो, नसलेल्या गोष्टी त्याला दिसतात. ही अवस्था जिवावर बेतू शकते. दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याच्या मनात सोडायचं आलंच, तर त्याला हे माहीत असलं पाहिजे.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना, तुम्ही त्याच्याशी काय काय करता तेवढंच वेगळं काढून पाहिलं. उधारी फेडता. फोन घेऊन देता. फोन तपासता. बाटल्या शोधता. तो काही सांगतो आणि तुम्ही ऐकता, किंवा तुम्ही काही सांगता आणि तो ऐकतो, असं एकही वाक्य सापडलं नाही. तुमचं बोलणं सुरू होतं तेव्हाची वाक्यंही कोणती असतील, याचा अंदाज करते. उठलास का? जेवलास का? काल किती वाजता झोपलास? त्या नोकरीचं काय झालं? पैसे कुठे गेले? चुकत असेन तर सांगा.

याला आपल्याकडे शब्द आहे, चौकशी. चौकशी कचेरीत होते, चौकशीला समिती बसते, चौकशीत कुणीतरी आरोपी असतो. विचारपूस हा त्याच्या जवळचाच शब्द, पण आपण ती आजाऱ्याची करतो, खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाची करतो. चौकशी करणाऱ्याला उत्तर लागतं. विचारपूस करणारा उत्तर मिळालं नाही तरी जवळ बसून राहतो. मला वाटतं, गेल्या अडीच वर्षांत तुमच्या प्रेमाची हळूहळू चौकशी झाली. तुम्हाला ते कळलंही नसेल, कारण तुमच्या मनात काळजीच होती. त्याच्यापर्यंत मात्र पहारा पोहोचत राहिला.

हे मी घरात पाहिलं आहे. माझा धाकटा भाऊ पंचविशीत असाच खोलीत गेला आणि तीन-चार वर्षं बाहेर आलाच नाही म्हटलं तरी चालेल. आई त्याच्या दाराशी जायची, थोडी थांबायची आणि विचारायची, "उठलास का रे?" दिवसातून सात-आठ वेळा. पुष्कळ वर्षांनी त्याने मला सांगितलं, की आईच्या पावलांवरूनच त्याला कळायचं आज काय विचारणार. पावलं दाराशी थांबली, की तो श्वास रोखून पडून राहायचा. आईला वाटायचं, झोपलाय. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं अशी उभी-आडवी, दोघंही घाबरलेली, आणि मी मधल्या खोलीत बसून हे सगळं बघत होते. तेव्हा मला भावाचा राग यायचा. आईचाही यायचा. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं.

एके दिवशी आई थकली होती, म्हणून असेल, वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन ती बोळात जमिनीवर बसली आणि घड्या घालू लागली. त्याचं दार अर्धवट उघडं होतं. ती काही विचारेना. तिच्या कामावरच्या एका जुन्या मैत्रिणीची काहीतरी गोष्ट माझ्याकडे बघत सांगत होती, ऐकायला मी होते, पण तोही ऐकत होता. मोठी चादर तिच्या एकटीच्या हातात मावेना, तेव्हा तो उठून आला आणि चादरीचं दुसरं टोक त्याने धरलं. घडी झाली, तो परत आत गेला. बोलला काहीच नाही. आईही बोलली नाही, आणि ते तिने फार शहाणपणाने केलं असं मला आजही वाटतं. "बघ, जमतं ना तुला!" असं ती तेव्हा म्हणाली असती तर पुढची चादर तिला एकटीलाच घडी करावी लागली असती. त्यानंतर तो उपचाराला गेला तो जवळपास वर्षभराने, आणि त्यानंतरही दोनदा घसरला. चादरीने काही चमत्कार केला नाही. पण त्या दिवसापासून त्याला खोलीबाहेर यायला एक जागा झाली, जिथे प्रश्न नव्हते.

चौकशी आणि ओरडणं यांचं चक्र कसं फिरतं, ते जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत ओरेगनला अनेक वर्षं घरोघरचं वागणं टिपून मांडलं. त्याचं बरंचसं काम लहान मुलांवर होतं, पण मोठ्यांच्या घरातही चक्र तेच असतं. आई काही विचारते, मुलगा ओरडतो, आई माघार घेते. माघार घेतली की ओरडणं थांबतं, म्हणून आईला वाटतं, बरं झालं. मुलगा शिकतो की ओरडलं की सुटका होते. पुढच्या वेळी तो जरा लवकर आणि जरा मोठ्याने ओरडतो. दोघंही मुद्दाम काही करत नाहीत. तुमच्या घरात हे चक्र भिंतीवर फुटलेल्या फोनपर्यंत आलं आहे. आणि नंतर नवा फोन आला.

त्या फोनबद्दल मला तुमच्याशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. फोन घेऊन दिलात याचा राग नाही, नोकरीचं कारणही खोटं नव्हतं. पण "नाही" म्हटल्यावर वस्तू फोडली आणि त्याबद्दल नवी वस्तू मिळाली, हे त्याला कळलं. कधी नाही, कधी हो, हा प्रकार सगळ्यात वाईट. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून एक गोष्ट पक्की ठरली आहे, की कळ दाबल्यावर प्रत्येक वेळी दाणा मिळत असेल आणि मग दाणे बंद झाले, तर जनावर लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी मिळतो नि कधी मिळत नाही, असं असेल तर ते बंद झाल्यावरही कितीतरी वेळ दाबतच राहतं. दहा वेळा नाही म्हणून अकराव्या वेळी हो म्हटलं, तर माणूस अकरा वेळा मागायला शिकतो. म्हणून पैशाबद्दल जे ठरवाल ते असं ठरवा, की ज्या दिवशी तुमचं मन सगळ्यात कच्चं असेल त्या दिवशीही ते पाळता येईल. माझं मत विचाराल तर, रोख पैसे बंद, उधारी फेडणं कायमचं बंद. जेवण, छप्पर आणि डॉक्टरांचा खर्च कधीही बंद नाही. हे त्याला एकदा, शांतपणे, आधी सांगून करायचं. सावकार दाराशी आल्यावर नव्हे.

ते कधी सांगायचं, यालाही महत्त्व आहे. तेल अवीवचे मानसशास्त्रज्ञ हाइम ओमर यांनी हिंसक किंवा स्वतःला अपाय करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांबरोबर खूप काम केलं. त्यांचं एक सूत्र आहे, लोखंड थंड असताना घाव घाला. आपण ऐकलेलं आहे त्याच्या बरोबर उलट. भांडणाच्या ऐन भरात काहीही ठरवायचं नाही, काहीही समजावायचं नाही. "हे मला मान्य नाही. मी विचार करून तुझ्याशी बोलेन," इतकं म्हणून तिथून बाजूला व्हायचं. आणि दोन दिवसांनी, सगळं निवल्यावर, खरोखरच बोलायचं. तोंडाने जमत नसेल तर लिहून द्या. ओमर आईवडिलांना असं लेखी पत्र द्यायला सांगतात, त्यात धमकी नसते, मुलाने काय करावं हेही नसतं. आम्ही इथून पुढे काय करू आणि काय करणार नाही, इतकंच असतं. तुम्हाला लिहिता येतं, हे मला तुमच्या पत्रावरून दिसतंच आहे.

तो अंगावर आला, वाट अडवली, वस्तू तुमच्या दिशेने फेकली, तर मात्र विचारपूस वगैरे काही नाही. घराबाहेर पडायचं आणि मदत बोलवायची. कुणाकडे जायचं ते आजच ठरवून ठेवा, त्या व्यक्तीला आजच सांगून ठेवा. आईने मार खाल्ला म्हणून कुठलाही मुलगा सुधारलेला नाही.

आता "माझं कुठे चुकलं".

ताई, हा प्रश्न आयांना पिढ्यान्‌पिढ्या विचारायला लावला आहे, आणि त्यात शिकलेली माणसंही मागे नव्हती. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषक बाईंनी स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई असा एक शब्दच घडवला. स्वमग्न मुलांच्या आया थंड मनाच्या असतात म्हणून मुलं तशी होतात, हेही वर्षानुवर्षं डॉक्टर सांगत होते. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी, जे स्वतः स्वमग्न मुलाचे वडील होते, त्या समजुतीवर पुराव्यानिशी घाव घातला. आज या दोन्ही कल्पना विज्ञानाने टाकून दिल्या आहेत. पण मधल्या काळात किती आया आतल्या आत जळल्या असतील, याचा विचार केला की मला अजून राग येतो. तुमच्या भावाचं "तूच लाडावून ठेवलास" हे वाक्य त्याच खाणीतलं आहे.

तुमच्या हातून चुका झाल्या असतील. झाल्याच असतील. डोनाल्ड विनिकॉट हे बालरोगतज्ज्ञ होते आणि मनोविश्लेषकही. त्यांनी "पुरेशी चांगली आई" असा शब्द वापरला, आणि त्यांचं म्हणणं असं, की बाळाच्या सगळ्या गरजा कायम अचूक भागवत राहणारी आई मुलाला लागत नाहीच. आई थोडी थोडी कमी पडते, मुलाला झेपेल इतकी, त्यातूनच त्याला जग कळतं. आणि दारूच्या बाबतीत, अल-अ‍ॅनॉन ही पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांची चळवळ १९५१ पासून जगभर चालू आहे, तिथे घरच्यांना तीन गोष्टी सांगतात: हे मी घडवलं नाही, हे माझ्या ताब्यात नाही, हे मी बरं करू शकत नाही. तिसरी गोष्ट आईला सगळ्यात जड जाते.

पण या प्रश्नाचा एक दुष्परिणाम मला तुम्हाला दाखवायचा आहे. जोवर तुम्ही "माझं काय चुकलं" याचा शोध घेत आहात, तोवर तो तुम्हाला तुमच्या चुकीचा पुरावा म्हणून दिसत राहतो. तो उशिरा उठला की तुमच्या पोटात खड्डा पडतो, आणि तो खड्डा त्याला तुमच्या चेहऱ्यावर वाचता येतो. सव्वीस वर्षांचा मुलगा, ज्याला स्वतःचीच लाज वाटते आहे, तो रोज सकाळी, किंवा संध्याकाळी म्हणा, आईच्या तोंडावर आपलं अपयश वाचतो. मग दार लावतो. माझा भाऊ हेच म्हणाला होता, "आईला बघितलं की मला माझीच भीती वाटायची."

त्याच्या आत काय चाललं असेल? मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान करणं हा गुन्हा ठरेल. पण काही गोष्टी नोंदवते, कारण त्या तुम्ही ओझरत्या लिहिल्या आहेत. चौदाव्या वर्षी वडील गेले. त्या वयाची मुलं पुष्कळदा रडत नाहीत. आईला सांभाळायचं म्हणून गप्प बसतात आणि मोठी माणसं म्हणतात, किती समजूतदार आहे. त्या दुःखाचं पुढे काय झालं, हे तुम्हाला माहीत आहे का? दुसरं, पुरुषांमधलं नैराश्य नेहमी उदास चेहऱ्याने येत नाही. चिडचिड, भांडणं, दारू, उलटीपालटी झोप, कशातच रस नसणं, अशा रूपात येतं आणि घरचे त्याला आळस म्हणतात. तिसरं, काही गंभीर मानसिक आजारांची सुरुवात मुलग्यांमध्ये बहुधा किशोरवयाच्या शेवटापासून पंचविशीपर्यंत होते. आपल्याबद्दल कुणी कट करतं आहे असं तो म्हणतो का, एकटाच कुणाशी बोलतो का, अंघोळ-कपडे पार सुटले आहेत का, हे बघा. यांतलं काही असेल तर थांबू नका. आणि काहीच नसलं, तरी मनोविकारतज्ज्ञांना दाखवणं गरजेचं आहेच, कारण दारू आणि नैराश्य एकमेकांच्या गळ्यात गळे घालून असतात आणि एकाकडेच बघून दुसरं जात नाही.

तो जाणार नाही, हे तुम्ही म्हणणार. म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर इथे देते: बाहेर काढू की पाठीशी घालू?

१९९९ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. पिणारा माणूस उपचार घ्यायला अजिबात तयार नाही, अशा १३० कुटुंबीयांना त्यांनी तीन वेगवेगळ्या वाटांनी मदत केली. एका वाटेवर घरच्यांनी फक्त स्वतःला सावरायचं आणि पिणाऱ्यापासून मनाने अलिप्त व्हायचं. तिथे १३ टक्के पिणारे उपचाराला आले. दुसऱ्या वाटेवर सगळ्यांनी मिळून त्याला एकदाच गाठायचं आणि आरसा दाखवायचा. तिथे ३० टक्के. तिसरी वाट रॉबर्ट मायर्स यांनी बसवलेली. तीत घरच्यांना शिकवलं जातं, की तो प्यायलेला नसेल तेव्हा त्याच्याजवळ असा, ते तास त्याला गोड वाटतील असं करा. तो प्यायला की भांडू नका, उपदेश करू नका, शांतपणे बाजूला व्हा. त्याच्या पिण्याचे परिणाम त्याच्याऐवजी स्वतः झेलू नका. आणि योग्य क्षणी, उपचाराची वेळ आधीच ठरवून ठेवून, त्याला विचारा. त्या वाटेने ६४ टक्के आले. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढचं: नवरा-बायकोंपेक्षा आईवडिलांना यात जास्त यश आलं. आणि ज्यांचा माणूस उपचाराला आला नाही, त्या घरच्यांचीही स्वतःची मनःस्थिती सुधारली, तिन्ही वाटांवर.

तेव्हा बाहेर काढू नका, निदान आत्ता नाही, जीव द्यायची भाषा करणाऱ्याला तर नाहीच. आणि पाठीशीही घालू नका. उलटी करून पडला तर साफ त्याने करायचं. कामावर फोन करून खोटी कारणं सांगायची नाहीत. ताट झाकून ठेवायचं, पण रात्री एकला उठून गरम करून द्यायचं नाही. आणि शुद्धीत असलेला एक तास सापडला, तर त्या तासात नोकरी, पैसे, दारू यांतलं काहीही काढायचं नाही. हे फार अवघड आहे, मला ठाऊक आहे, कारण तोच तास तुम्हाला सगळं बोलून घ्यायला मिळालेला असतो.

फोन तपासणं आजपासून बंद करा. त्यातून तुम्हाला आजवर असं काय कळलं, की ज्याचा उपयोग झाला? आणि ते बंद करताना त्याला सांगा. "तुझा फोन मी बघायचे, खोलीत शोधायचे. माझं चुकलं. यापुढे करणार नाही." पुढे "पण तू सुद्धा" असं काही जोडू नका. त्या "पण"ने आधीचं सगळं पुसलं जातं. तो कदाचित म्हणेल, "मग मी काय करू?" किंवा दारच आपटेल. आपटू दे. तुम्ही माफी त्याच्या उत्तरासाठी मागत नाही आहात.

एखाद्या दिवशी, खूप नंतर, तो स्वतःहून काहीतरी बोलेल. "झोप लागत नाही," इतकंच असेल. त्या वेळी "म्हणून सांगते, दारू सोड" हे वाक्य तुमच्या जिभेवर येईल. ते गिळा. "किती दिवस?" असं विचारा, आणि ऐका. मग म्हणा, "यासाठी कुणाला दाखवूया का? मी बरोबर येईन, हवं तर बाहेर बसेन." दारूसाठी न जाणारी माणसं झोपेसाठी जातात. दार कुठलंही चालेल, आत डॉक्टर असले म्हणजे झालं. त्यासाठी डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा, आधी तुम्ही एकट्याच जाऊन त्यांना भेटून या. पुष्कळ ठिकाणी घरच्यांनाही सल्ला मिळतो.

मुलीला तुम्ही समजून घ्या. "बाहेर काढ" हे ती त्याच्याविषयी कमी आणि तुमच्याविषयी जास्त बोलते आहे. मी बहीण होते, म्हणून सांगते. आपली आई आपल्या डोळ्यांसमोर संपत चालली आहे, हे बघणं बहिणीला सहन होत नाही, आणि त्या घरात तिच्याकडे कुणी बघितलेलंही नसतं. तिला फोन करा आणि त्या फोनवर त्याचा विषय काढू नका. तिचं कसं चाललंय ते विचारा.

शेवटी तुमची ता. क.

लंडनमध्ये १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने मनोरुग्णालयातून घरी सोडलेल्या पुरुषांचा माग ठेवला. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले रुग्ण, भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा आजारी पडत होते. पुढच्या अभ्यासांत कारण दिसलं: घरात टोचून बोलणं, राग, किंवा रुग्णात गुंतून स्वतःला विसरून जाणं खूप असेल, आणि त्या माणसांचा समोरासमोरचा सहवास आठवड्याला ३५ तासांहून जास्त असेल, तर आजार उलटतो. हे स्किझोफ्रेनियाबद्दल होतं, तुमच्या मुलाला तो आहे असं मी अजिबात म्हणत नाही. घरच्यांमुळे आजार होतो, असंही त्यातून निघत नाही. पण घरातला ताप थोडा उतरला आणि माणसं एकमेकांपासून थोडा वेळ दूर राहिली, की दोघांना श्वास घेता येतो, हे मात्र त्यातून मी उचललं आहे.

तुम्ही दोन वर्षं घराबाहेर पडला नाहीत. तुम्ही घरात होता म्हणून दारू थांबली नाही, फोन फुटायचा राहिला नाही. जीव द्यायच्या विचाराबद्दल तो काय म्हणतो ते आधी कळू दे, डॉक्टरांशी तुमचं बोलणं होऊ दे, आणि धोका नाही अशी खात्री झाली की आठवड्यातून दोन सकाळी सुरुवात करा. तो तेव्हा झोपलेलाच असतो. त्याच्या दाराशी थांबू नका. ताटाशेजारी चिठ्ठी ठेवा: "पोहायला गेले आहे. नऊपर्यंत येते."